कोटाच्या फेऱ्या

६ फेब्रुवारी

मावशी,

वर 'तीर्थरूप' वगैरे घातलं की कोण आजारी पडलंय ते शोधायला तू पत्र शेवटाकडून वाचायला लागतेस, म्हणून ते गाळलं. नमस्कार आहे, वाकून. इथे सगळे ठणठणीत. आईचा खोकलाही गेला.

तुझी तक्रार पोचली. शेजारच्या बाईंनी 'भाची काय करते' म्हणून विचारलं आणि तुला धड सांगता आलं नाही. 'कॉम्प्युटरची मेमरी सुधारते' असं तू म्हणालीस, तर त्यांनी नातवाचं पाठांतर सुधारून मिळेल का म्हणून विचारलं. हे सगळं मी फोनवरच समजावलं असतं, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागे असंच माझं लग्न ठरलं होतं आणि आईला तीन नातेवाइकांना समजावत बसावं लागलं होतं. तेव्हा पत्रच बरं.

तुझ्याच नाट्यगृहाचं उदाहरण घेते. तुझं कपड्यांचं कोठार म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी. सगळा माल तिथे: राजांचे झगे, शिपायांच्या वर्द्या, भुतांच्या चादरी. अंगणापलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मास्तरांची शिवणखोली आहे, ती म्हणजे प्रोसेसर. माल एकीकडे आणि अक्कल दुसरीकडे. एका बटणासाठी तू कोट खांद्यावर टाकतेस, अंगण ओलांडतेस, जिना चढतेस. मास्तर चुटकीसरशी बटण लावतात आणि मग तीच वरात उलट्या दिशेने निघते. आमच्या यंत्रांचंही हेच रडगाणं आहे. दोन आकड्यांची बेरीज करायला वीज लागते ती चिमूटभर, पण ते आकडे आणायला-न्यायला पोतंभर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आमचं म्हणणं एवढंच की आकड्यांना फिरवायचं कशाला? मेमरीच्या आतच छोटे छोटे हिशेबनीस बसवा. माल जिथे, हात तिथे. हे मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमवाला मिळून करतो. म्हणजे चिप माझी, तिला कामाला लावणं त्याचं, आणि माझी पेनं पळवणं हा त्याचा जोडधंदा. आमच्यावर देखरेख आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंची. त्या फार कमी बोलतात आणि तेवढंही पुरतं. आमची चिप मार्चात कारखान्यातून येईल. एप्रिलच्या शेवटी खर्च उचलणारी मंडळी पाहायला येणार. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर मी पुन्हा त्या जुन्या ऑफिसात.

शेजारच्या बाईंना आता तू सांगशील त्याची मला आत्ताच भीती वाटते आहे.

तुझी भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे, भरपूर आहेत, पुरवून वापर.

तुझं पत्र मी कोठारात मोठ्याने वाचलं. थोरली आणि धाकटी चहाला आल्या होत्या. या दोघी मास्तरांच्या हाताखालच्या शिवणारणी, एकमेकींच्या सख्ख्या जावा. धाकटी म्हणाली, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. थोरली म्हणाली, हेच मी म्हणणार होते. त्यावरून त्यांची जुंपली, ती मशीनं हलवेपर्यंत चालू होती.

हो, मशीनं हलवली. तू म्हणालीस ना, माल जिथे, हात तिथे? मग वाट कशाची बघायची? मॅनेजरना विचारलं, त्यांनी मान डोलावली. (ते सगळ्यालाच डोलावतात, पण या वेळी कागदावरून डोळे वर करून.) दोघींची मशीनं मास्तरांच्या खोलीतून उतरवली आणि इथे भुतांच्या चादरींखाली मांडली. आता बटण, काज, तुरपाई, उसवलेली शिवण, सगळं जागच्या जागी. खुंटीवरून कपडा काढला, टाका घातला, परत खुंटीवर.

तुला माहीतच आहे, माझ्या कोठारातला कपडा माझ्या हाताशिवाय उंबरा ओलांडत नाही. हा नियम मीच केला आणि मीच त्यापायी गुडघे झिजवले. आणि नुसतं जाऊन येणं कुठे असतं? मास्तरांची सवय तुला ठाऊक नाही. गेलं की आधी 'बसा'. खिडकीशी एक खुर्ची आहे, एका हाताची, दुसरा हात कधीचाच मोडलाय. तिच्यावर बसवतात आणि छोट्या शेगडीवर दोन कप चहा टाकतात. मग बोलणं सुरू. कोणत्या नटाची कंबर किती वाढली, कोण मापाच्या वेळी पोट आत घेतो, कोणता रंग दिव्याखाली खोटा दिसतो. बटणाचं काम केव्हाच झालेलं असतं, तरी कोट हातात धरून बसतात आणि म्हणतात, 'अजून एक टाका घालतो, पक्का होईल.' कितीदा सांगितलं, मास्तर, मला कामं आहेत. पण पालथ्या घड्यावर पाणी. माणूस एकटा आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब. बोलायला कोणी नाही म्हणून मला अडकवतात, दुसरं काय.

मशीनं नेताना ते दारात उभे होते. म्हणाले, 'बरं झालं, तुमचे गुडघे वाचतील.' मला वाटलं होतं कुरकुर करतील, पण खूश दिसले.

तू हुशार आहेस हे मी तू रांगत होतीस तेव्हापासून सांगत आले आहे. तुझी आई तेव्हा हसायची.

तुझी मावशी

ता. क. शेजारच्या बाईंना सांगितलं की भाची शिंप्यांना कॉम्प्युटरच्या आत बसवते. त्यांनी नातवाला आत बोलावून घेतलं.


३ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी प्रोग्रॅमवाल्याला वाचून दाखवलं. त्याने तुझ्या कोठाराचं चित्र काढून भिंतीवर लावलंय. बाईंनी ते उभ्या उभ्या बघितलं आणि 'चादरी विसरलात' म्हणून त्यात चादरी काढायला लावल्या. इतकी वर्षं आम्ही जगाला पटवत फिरतोय की यंत्राची रचना बदला, आणि पहिली बदलली कोणी, तर माझ्या मावशीने.

चिप आली. करंगळीच्या नखाएवढी आहे. मी तिला हातमोजे घालून दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. प्रोग्रॅमवाला म्हणाला, 'बाळाला असं धरत नाहीत.' मी म्हटलं, 'तुला काय ठाऊक?' त्यावर त्याला चार भाचरं असल्याचं कळलं.

आता आमचा बेत मोठा आहे. नुसती बेरीज-वजाबाकी नाही, सगळंच काम मेमरीत ढकलायचं. प्रोसेसरने हात जोडून बसायचं. बाई 'बघा करून' म्हणाल्या. त्यांचं 'बघा करून' मला जरा जपून घ्यायला हवं होतं, पण आनंदाच्या भरात आम्ही कामाला लागलो.

तूही अर्धवट का थांबलीस? मापं घेणं आणि कापड बेतणं अजून मास्तरांकडेच आहे असं दिसतंय. तेही आत घे. थोरलीला बेतता येतं असं तूच मागे लिहिलं होतंस. मग तुला त्या जिन्याचं तोंडही बघायला नको आणि मास्तरांच्या गप्पांतून तुझी कायमची सुटका.

तुझी भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कापडाचे तागे, खडू, मोठी कात्री, सगळं कोठारात आलं. गुडघे झकास आहेत. कामं वेळेच्या आधी होतात. मॅनेजर आता मला बघून आपणहून मान डोलावतात.

तरी एक विचारायचं आहे. तुझ्या या पद्धतीत दुपारचं काय करायचं असतं? काम आटोपतं आणि दिवस मात्र उरतो. मी बटणांचे डबे रंगाप्रमाणे लावले. मग आकाराप्रमाणे लावले. मग पुन्हा रंगाप्रमाणे. चहा इथेच करते, पण त्याला चव नाही. पानं बदलली, दूध बदललं, तरी तेच. थोरली म्हणते चहा चांगला आहे, पण तिला काय, ती कोमट पाणीही फुंकून पिते.

आता फजितीचं सांगते. आमच्या नव्या नाटकातल्या सेनापतीचं पोट तालमींच्या काळात सुटलं. थोरलीने त्याची विजार दोन बोटं सैल केली आणि खुंटीला लावली. पण सेनापतीचा जावांवर भरवसा नाही, मास्तरांच्याच हातावर आहे. माझा नियम त्याला माहीत, म्हणून गडी विजार हातात न घेता अंगात घालूनच अंगण ओलांडून गेला. मास्तरांना काय ठाऊक आधीच सैल केली आहे? त्यांनी आणखी दोन बोटं सोडली. पहिल्या प्रयोगाला सेनापतीने एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात विजार धरून लढाई जिंकली. प्रेक्षक इतके हसले की मेलेले शिपाईसुद्धा हसायला लागले. दिग्दर्शक पडद्याआड डोकं धरून बसला होता.

मी तशीच तावातावाने शिवणखोलीत गेले. किती दिवसांनी गेले होते. खोली रिकामी, टेबल पुसून स्वच्छ, शेगडीवर एकच कप. ते 'बसा' म्हणाले. मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, 'आता तुमच्याकडे काम नाही ना मास्तर, मग हात घालता कशाला?' त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि खणात ठेवली. मी कधी त्यांना टेपेशिवाय बघितलं नव्हतं.

परवा मॅनेजरकडून कळलं, मास्तर एप्रिलच्या मध्यावर नोकरी सोडून मुलीकडे राहायला जाणार. तिकीटही काढलंय.

जाईनात का. मला त्याचं काय? मुलीकडे सुखात राहतील, नातवंडांत रमतील. चांगलंच आहे. तू मला दुपारचं तेवढं कळव.

मावशी


२९ मार्च

मावशी,

लढाई वाचून आम्ही दोघं इतके हसलो की बाई दारातून डोकावून गेल्या.

ही चूक आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एकच माल दोन ठिकाणी दुरुस्त होऊ लागला की एकाचं केलेलं दुसऱ्याला कळत नाही आणि दोघं मिळून त्याची वाट लावतात. उपाय साधा आहे. ज्याच्या हातात कपडा आहे त्याने त्यावर खूण बांधायची. ती सुटेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. लाल दोरा बांध. सेनापतीला अंगावर बांधलास तरी चालेल.

दुपारसाठी म्हणशील तर एखादी आरामखुर्ची घे. किंवा चष्म्याचा नंबर तपासून घे, म्हणजे वाचता येईल.

आता माझी फजिती ऐक. आम्ही सगळं काम मेमरीत ढकललं आणि चाचणी घेतली. साध्या, जुन्या कॉम्प्युटरने आम्हाला सहज मागे टाकलं. मी आकडे पुन्हा पुन्हा बघितले, तारा तपासल्या, शेवटी चिपला शपथ घातली. बाई सगळं बघून म्हणाल्या, 'अति तिथे माती. लहान हातांना डोंगर उचलायला सांगितलात.' मग त्यांनी समजावलं. काही कामांत माल एकदाच हातात घ्यायचा असतो, एक टाका घालून खाली ठेवायचा. ती कामं आत, मेमरीतच व्हावीत. पण काही कामांत तोच माल पुन्हा पुन्हा बघावा लागतो, उलटावा लागतो, जवळ घेऊन बसावं लागतं. त्याला मोठं टेबलच हवं, शहाणा हातच हवा. तिथपर्यंतचा प्रवास वाया जात नाही, कारण एकदा नेलं की पुष्कळ काम होतं. मी सगळ्याच प्रवासाला शत्रू मानून बसले होते. तुलाही तेच शिकवलं. बेतणं मास्तरांकडे परत दे, मावशी. ती चूक माझी होती.

इथवर लिहून मी पाकीट चिकटवणार होते. तेवढ्यात प्रोग्रॅमवाल्याने तुझं पत्र पुन्हा मागितलं. (तो तुझी सगळी पत्रं वाचतो, रागावू नकोस, त्याला फार आवडतात.) वाचून म्हणाला, 'यात मास्तर किती वेळा आलेत बघितलंस?' मी मोजायला लागले आणि हाताची बोटं संपली. मग आधीचं पत्रही काढलं. एका हाताची खुर्ची, दोन कप, 'अजून एक टाका'. हे सगळं मी वाचलं होतं आणि मला दिसला होता तो फक्त वाया जाणारा वेळ.

मावशी, आगाऊपणा करते. त्या फेऱ्या खरंच कोटांसाठी होत्या का?

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

वडीलधाऱ्यांना असले प्रश्न विचारतात का? आणि माझी पत्रं परक्या माणसाला वाचायला देतेस? त्याला म्हणावं, स्वतःच्या मावशीची वाच. कोट जायचे होते म्हणून मी जात होते. कोठाराचं काम आहे, त्याचा मला पगार मिळतो. विषय संपला.

दुपारी पुढे लिहिते आहे. सकाळचं फाडणार होते, पण कागद चांगला आहे.

खोटं कशाला लिहू. सुरुवातीला कोटांसाठीच जात होते. नंतर केव्हापासून ते मलाही सांगता यायचं नाही. एखादं बटण नुसतं सैल झालेलं असे. ते मी बसल्या जागी घट्ट केलं असतं. सुई-दोरा माझ्याही पेटीत आहे. पण मी तो कोट खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, चला, मास्तरांकडे जायला हवं. असं म्हणून निघायची तेव्हा गुडघे दुखायचे नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

लग्न राहून गेलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तुझ्या आईला विचार. पण हे गेलं तर वाटेल. मास्तर जाऊ नयेत असं मला वाटतं. एवढंच आहे बघ. लिहिलं एकदाचं.

आता तू म्हणशील, मग जाऊन सांग. कशी जाऊ? थोरली-धाकटी सगळं इथेच चोख करतात. खुंट्यांवर एक कपडा असा नाही ज्याला काही झालंय. इतक्या वर्षांत मी हातात कोट नसताना तो जिना चढलेले नाही. त्या दिवशी चढले ती भांडायला. दारात उभी राहून म्हणू तरी काय? त्यांची ट्रंक बांधून झाली आहे, खिडकीतून दिसते.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

वेळ नाही म्हणून थोडक्यात. सोबत माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट पाठवते आहे. खिसा फाटलाय. महिनाअखेरीस पाहुणे येतील तेव्हा हाच घालून उभं राहायचंय. काम नाजूक आहे, थोरलीला देऊ नकोस, धाकटीला तर मुळीच नको. हे मोठ्या टेबलाचं, शहाण्या हाताचं काम आहे.

तुझ्या नियमाप्रमाणे तूच घेऊन जा. पुडकं उघडलंस की लगेच.

भिंगरी

ता. क. खिसा मी फाडायला घेतला होता, पण मला धीर होईना. शेवटी प्रोग्रॅमवाल्याने कात्री चालवली. त्याने तुझ्या पत्राबद्दल क्षमा मागितली आहे, पण पुढचं पत्र कधी येतंय हेही विचारलंय.


२७ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र नाही, कोटही नाही. फोन केला तर तू 'हो हो, आहेत' म्हणालीस आणि ठेवलास. कोण आहेत? तू आणि जावा, की मास्तर? मला आता निम्मंच ऐकू आलं आणि उरलेलं मी मनाने भरते आहे. तूच ही सवय लावलीस.

आमचं सांगते. पाहुणे ठरल्याआधीच, गेल्या आठवड्यात येऊन गेले. मी दुसऱ्याचाच कोट घातला होता, बाह्या दुमडून. आम्ही कामं नीट वाटली होती: एका टाक्याची कामं आत, बेतण्याची कामं मोठ्या टेबलावर, आणि ज्याच्या हातात माल त्याची त्यावर खूण. चिप अशी धावली की पाहुण्यांपैकी एकाने यंत्र खरंच चालू आहे ना म्हणून हात लावून बघितलं, कारण ते तापलंच नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, 'इतकं आत होतं, तर प्रोसेसरपर्यंतचा रस्ता हवाच कशाला?' मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, 'काही कामं जाऊनच करावी लागतात.' आम्हाला पुढची वर्षं मिळाली. त्या जुन्या ऑफिसात मी आता जाणार नाही.

जागा वाढवून मिळाली, त्यामुळे प्रोग्रॅमवाल्याचं टेबल वरच्या मजल्यावर गेलं. कोपऱ्यावर स्वतंत्र खिडकी, खूप प्रकाश. फोन दोघांच्याही टेबलावर आहे. तरी तो दिवसातून कितीदा तरी खाली येतो. काल आला होता तो माझं पेन परत द्यायला. त्याने आजवर कधीच पेन परत दिलेलं नाही.

मावशी, मास्तर गेले का ते एका ओळीत तरी कळव. माझ्या त्या पहिल्या पत्राने एवढं केलं, आता तिकडे सगळं नीट झालंय असं वाचल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझी भिंगरी


४ मे

भिंगरे,

अभिनंदन आणि आशीर्वाद. तुझी बातमी मी कोठारात मोठ्याने वाचली, आणि मग अंगण ओलांडून जाऊन पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. तेव्हा तुझ्या एका ओळीचं उत्तर तुला मिळालं असेल. पण पत्र एका ओळीचं लिहायला मला येत नाही, म्हणून सगळं सांगते.

तुझं पुडकं आलं तो मास्तरांचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळची गाडी. मी कोट खांद्यावर टाकला, थोरलीने विचारलं कुठे, मी म्हटलं कामाला. धाकटी म्हणाली, 'जा बाई एकदाच्या, आम्हाला तुमचा तो चहा प्यायचा कंटाळा आलाय.' म्हणजे यांनाही ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं बहुतेक, मला सोडून.

अंगणाच्या मध्यावर पोचते तर समोरून मास्तर. अंगात साधा सदरा आणि हातावर त्यांचा प्रवासाचा चांगला कोट घडी करून घेतलेला. दोघंही थांबलो. त्या अंगणात मी त्यांना समोरून येताना कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी मी जायची, ते असायचे.

ते म्हणाले, 'तुमच्याकडेच येत होतो. बटण तुटलंय.'

मी म्हटलं, 'तुमच्याकडे बटणं नाहीत?'

'आहेत,' म्हणाले. 'डबाभर आहेत.'

मी कोट हातात घेऊन बघितला. तुटलेल्या बटणाचा दोरा कधी असा टोकाशी सरळ कापलेला असतो? इतकी वर्षं कोठार सांभाळलंय मी. बघितलं, पण बोलले नाही. माझ्या खांद्यावरचा तुझा कोट त्यांनी घेतला, खिसा उलटा केला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'हा खिसा फाटलेला नाही, कापलेला आहे.' मी म्हटलं, 'हो.' ते म्हणाले, 'बटणही तुटलेलं नाही.' मग आम्ही दोघं तिथे उन्हात उभे, हातात मुद्दाम कापलेले कोट, आणि हसू काही आवरेना. वर खिडकीतून मॅनेजर बघत होते. त्यांनी मान डोलावली.

हसणं थांबल्यावर मी सांगून टाकलं. म्हटलं, 'मास्तर, जाऊ नका. तुमच्याशिवाय दुपार जात नाही.' ते जरा वेळ तुझ्या कोटाचा खिसाच नीट करत राहिले. मग म्हणाले, 'तुम्हीच येईनाशा झालात. मला वाटलं, माझं काम संपलं.' मी म्हटलं, 'मी पद्धत बदलली होती हो, माणूस नाही.' मग वर गेलो. ट्रंकेतून शेगडी काढायला लागली, ती तळाशी होती, म्हणून चहाला उशीर झाला. पण चव आली. पानं तीच होती, मी कोठारातूनच नेली होती.

तिकीट परत केलं. मुलीला कळवलं की नाटकांचा हंगाम संपला की चार दिवस येतील. तिने उलट लिहिलंय की दोघंही या. हे 'दोघं' तिने कुठून काढलं ते मी विचारलं नाही, आणि मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचून खिशात ठेवलं. पुढचं काय ते पुढे बघू. तुझ्या आईला मी स्वतः सांगणार आहे, तू मध्ये तोंड घालू नकोस.

कोठाराची व्यवस्था आता तुझ्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आहे. बटण, काज, तुरपाई जावांकडे. बेतणं मास्तरांकडे. लाल दोऱ्याची खूणही ठेवली आहे आणि सेनापती तिला घाबरतो. फेऱ्या फार कमी झाल्या, पण रोजची एक राहिली आहे. ती कोणी काढायची नाही, चिप आली तरी नाही.

तुझा तो पेन परत देणारा प्रोग्रॅमवाला. त्याला ही पत्रं वाचू दे, माझी हरकत नाही. मात्र हे शेवटचं त्याच्या हातात दे आणि तू समोर बस.

आता तुझा कोट. तो शिवणखोलीत खिडकीशी टांगलेला आहे. रोज दुपारी मास्तर तो खाली घेतात, मी एका हाताच्या खुर्चीवर बसते, ते खिशाला एक टाका घालतात, पुन्हा बघतात आणि म्हणतात, उद्या अजून एक घालू, पक्का होईल. या वेगाने तो कधी होईल ते सांगता येत नाही. तुला घाई असेल तर नवा घे.

तुझी मावशी